पाण्याच्या मागं मागं

येलदरीच्या काठावर उन्हाळा आल्याचं पहिल्यांदा कळतं ते पाण्याच्या कडेवरून. ऊन अजून अंगाला लागायचं असतं, पहाटे गोधडी ओढून घ्यावीशी वाटते, पळस नुकता फुललेला असतो. पण शिमगा झाला की रोज सकाळी पाणी कालच्यापेक्षा थोडं मागं गेलेलं दिसतं. काल ज्या दगडावर बायांनी धुणं धुतलं तो आज कोरडा असतो. त्याच्या पुढं ओल्या गाळाचा नवा पट्टा उघडा पडलेला असतो आणि त्यावर बगळ्यांच्या, टिटव्यांच्या पायांचे ठसे उमटलेले असतात. माझा मामा तो पट्टा पावलांनी मोजतो आणि घरी येऊन सांगतो, "आज दोन पावलं दिली पाण्यानं." पाणी गेलं असं तो कधी म्हणत नाही.

माझं माहेर सेनगाव आणि आईचं माहेर या काठावर. हिंगोली जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला सेनगाव तालुका जिथं संपतो तिथं पूर्णेचं अडवलेलं पाणी पसरलेलं आहे. पलीकडं परभणी जिल्ह्यातला जिंतूर तालुका, आणि धरणाची भिंतही त्याच तालुक्यात. अलीकडच्या काठावर माळरान, बाभळी, दगडांचे बांध आणि मधून मधून चार-दोन घरांच्या वस्त्या. बाहेरच्या माणसाला सेनगाव म्हटलं की कोरडा, दुष्काळी मुलूखच आठवतो, आणि त्यात खोटं काही नाही. तरी हा तालुका दोन नद्यांच्या मधे बसलेला आहे. एकीकडं कयाधू, ती वाशीम जिल्ह्यातून येते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरीवरून पुढं पैनगंगेला मिळते. दुसरीकडं अजिंठ्याच्या डोंगरातून आलेली पूर्णा, जी परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. कयाधूचं पाणीही अखेर गोदावरीतच जातं, पण पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा केवढा तरी वळसा घालून, पार सिरोंच्याला. आमच्या तालुक्यातल्या एखाद्या माळावर पडलेल्या पावसाचं पाणी उताराच्या जराशा फरकानं असं दोन वाटांनी जातं, याचं मला शाळेत भूगोल शिकताना फार नवल वाटायचं, आणि आजही वाटतं.

चैत्र लागेपर्यंत कयाधू बहुतेक वाळूच झालेली असते. पूर्णेचं तसं होत नाही, कारण तिला थांबवलेलं आहे. येलदरीचं धरण 1968 साली पूर्ण झालं. एकूण साठा 934 दलघमी. त्यातला सुमारे 810 दलघमी उपयुक्त, बाकीचा मृतसाठा. मराठवाड्यातल्या मोठ्या धरणांत येलदरीचं नाव निघतं. पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत. तिथून सुटलेलं पाणी खाली औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात जातं आणि कालवे निघतात ते सिद्धेश्वरवरून. वसमतकडचा ऊस, केळी आणि हळद या पाण्यावर उभी आहे. हिंगोली शहर सिद्धेश्वरचं पाणी पितं.

म्हणजे पाणी साठतं आमच्या शेजारी आणि भिजवतं खालच्या मुलखाला. धरणाच्या वरच्या बाजूला, फुगवट्याच्या काठाला, कालवा येत नसतो. पाणी चढावर चढत नाही. काठावरच्या माणसाला पाणी हवं तर मोटार टाकावी लागते, पाइप अंथरावे लागतात, विजेची वाट पाहत रात्र जागावी लागते. आणि पाण्याची कड एका जागी राहत नाही. खाली उन्हाळी आवर्तन सुटलं की इथं कड पळायला लागते. वसमतच्या शिवारात कालव्याला पाणी आल्याची बातमी वर्तमानपत्रात यायच्या आत मामाला ती कळलेली असते, कारण त्याच्या मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या तोंडाची झडप, सकाळी गाळात उघडा पडलेला असतो. मग पोरांना हाका मारायच्या, मोटार खाली न्यायची, पाइपचे दोन तुकडे वाढवायचे. मार्च-एप्रिलमधलं काठावरचं निम्मं काम हेच आहे, पाण्याच्या मागं मागं जायचं.

पण पाणी मागं जातं तेव्हा मागं जमीन ठेवून जातं, आणि ती जमीन मला या ऋतूचा खरा ऐवज वाटते. तिला सगळे गाळपेर म्हणतात. पावसाळ्यात वरून आलेला गाळ तळाशी बसतो, दिवाळीनंतर पाणी उतरू लागलं की तो उघडा पडतो, आणि ओल आहे तोवर त्यात पेरलं तर खताशिवाय, नांगराशिवाय पीक येतं. मामाच्या घरातून सकाळी निघून पाण्यापर्यंत उतरत गेलं की एका उतारावर सगळं वर्ष पाहायला मिळतं. वरच्या पट्ट्यात दिवाळीनंतर पेरलेल्या हरभऱ्याची काढणी उरकलेली, खुंट पायाला टोचतात. त्याच्या खाली भुईमूग, हिरवागार, पिवळ्या फुलांचा. आणखी खाली टरबूज आणि काकडीचे वेल गाळावर पसरलेले, त्यांतल्या काहींना फळ धरलेलं, काही अजून फुलातच. मग नुसता गाळ. त्याच्यावर दुपारच्या उन्हानं साय धरल्यासारखा पापुद्रा येतो; पाय टाकला की खालची गार ओल पोटरीपर्यंत चढते. आणि त्याच्यापुढं पाणी. मी लहानपणी या उतारावर धावत खाली जायची आणि मामी वरून ओरडायची, "बाई, वेलावर पाय देऊ नको." आजही तिथं उतरताना माझी नजर आधी पायाखाली जाते.

टरबुजाच्या वेलाची राखण सोपी नाही. रात्री रानडुकरं येतात. आळं करून बी टाकल्यापासून फळ काढेपर्यंत कुणीतरी माचोळीवर झोपतं. वरच्या खडकपूर्णा धरणातून कधी अचानक पाणी सुटलं, किंवा अवकाळी पाऊस झाला, तर खालचा पट्टा पुन्हा पाण्यात जातो, आणि जातो तो फळासकट. म्हणून सगळ्यांत खालच्या पट्ट्यात माणूस तेवढंच बी टाकतो जेवढं गेलं तरी घर चालेल. हा हिशेब कुठल्या पुस्तकात नाही. तो बापाकडून लेकाला कळतो. दोन पट्ट्यांच्या मधे दगड ठेवलेले असतात. कुणाचा पट्टा कुठवर हे ते दगड सांगतात, आणि पुढच्या पावसाळ्यात ते दगडही पाण्याखाली जातात, तरी दिवाळीनंतर भांडण होत नाही. सगळ्यांना आपापली जागा ठाऊक असते.

ठाऊक असणारच, कारण ती जागा त्यांचीच होती. धरण 1968 साली उभं राहिलं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्यातला पहिला कायदा 1976 साली आला. मधल्या या आठ वर्षांच्या अंतरात आमच्या आज्यासारख्या माणसांचं काय झालं असेल ते समजायला फार कल्पना लागत नाही. नदीकाठची काळी जमीन बुडितात गेली. पैसे मिळाले ते त्या काळच्या भावानं, आणि ते हातात राहिले नाहीत, कारण पैसा कसा राखायचा हे शेत राखणाऱ्या माणसाला कुणी शिकवलेलं नव्हतं. घर वर माळावर हललं. माळावर जी जमीन होती ती मुरमाड. त्या जमिनीत आज्यानं ज्वारी पेरली आणि उरलेलं आयुष्य खाली पाण्याकडं बघत काढलं. गाळपेर जमीन आता सरकारची आहे, पाणी उतरल्यावर ती वर्षापुरती भाडेपट्ट्यानं कसायला मिळते, आणि तीत ज्यांची जमीन गेली त्यांना प्राधान्य द्यायचं असा नियम आहे. नियम चांगला आहे. तरी आपल्या आज्याच्या वावरात पेरण्यासाठी दरसाल अर्ज करावा लागतो, ही गोष्ट मला कधीच साधी वाटलेली नाही.

मामाला ती साधी वाटते, किंवा तो तसं दाखवतो. "जमीन कुनाची बी असू दे, ओल आपली हाय," असं तो म्हणतो आणि पेरायला लागतो.

वस्तीत पाच-सहा घरं भोयांची आहेत. त्यांचा उन्हाळा आमच्या मामाच्या उन्हाळ्याहून वेगळा. पावसाळ्यात तळ्यात बोटुकली सोडलेली असते, रोहू, कटला, मृगळ. ती वाढायला वेळ द्यायचा. हिवाळ्यात पाणी खूप, मासा पांगलेला. फाल्गुन-चैत्रात पाणी आक्रसतं तसा मासा जवळ जवळ येतो आणि जाळं जड व्हायला लागतं. संध्याकाळी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून तंगुसाची जाळी टाकायची, पहाटे अंधारात ओढायची. दुपारी वारा सुटला की पाण्यावर अशा लाटा येतात की तराफा टिकत नाही, म्हणून जे करायचं ते सूर्य वर यायच्या आत. शेजारच्या भोई काकू दिवस उगवायच्या वेळी काठावर उभ्या असतात. मासा निवडतात, मोठा एकीकडं, चिलापी एकीकडं, झिंगे फडक्यावर. मरळ सापडली तर ती वेगळी, कारण मरळीला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं. बर्फ घालून खोकी मोटारसायकलवर बांधायची आणि एक पोरगा जिंतूरकडं, एक सेनगावकडं सुटतो. उन्हाच्या दिवसांत मासा आणि वेळ यांचं वैर असतं. नऊच्या आत विकला तर भाव, दहानंतर गिऱ्हाईक म्हणेल तो भाव. काकूंच्या हाताला मी कधी घड्याळ पाहिलं नाही, पण त्यांच्या सगळ्या हालचालींत हे गणित असतं.

आमच्या माळकरी मामाच्या घरी मासा शिजत नाही. पण काकूंच्या चुलीवरच्या रश्श्याचा वास आमच्या ओसरीवर येतो आणि काकड्या मामीकडून तिकडं जातात. तुकारामाची गाथा वाचणारं घर आणि मासे मारणारं घर एकाच भिंतीला टेकून पिढ्यान् पिढ्या राहतात, आणि यात कुणाला काही सांगण्यासारखं वाटत नाही. मला मात्र वाटतं, म्हणून लिहिते.

पाडव्याच्या सुमारास तांडे भरतात. सेनगाव-जिंतूरच्या तांड्यांतली माणसं दसरा-दिवाळीला कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. ज्यांच्या बुडाला पाणी साठलंय त्यांनीच दुसऱ्यांच्या पाण्यावरचा ऊस तोडायला जायचं. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की ती परत येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळ्या, आणि वर बसलेली पोरं. जी पोरं पाच महिने शाळेत नव्हती ती पुन्हा पाण्यावर दिसू लागतात, म्हशींच्या पाठीवर. याच दिवसांत सालगड्याचं साल फिरतं; पाडव्याला जुना हिशेब मिटतो आणि नवा ठरतो. गुढीला कडुलिंबाचा डहाळा, कोवळा मोहोर आणि गूळ वाटून केलेला घोट सगळ्यांना, आणि त्यानंतर ओसरीवर बसून आकड्यांची बोलणी. गावात त्या दिवशी गोड आणि कडू दोन्ही खरोखरीचं असतं.

हळदीबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. एवढंच सांगते की सेनगावकडं जाताना ज्या ज्या शिवारात बॉयलर पेटलेला असतो तिथून हळद शिजल्याचा मातकट, उष्ण वास रस्त्यावर येतो, आणि अंगणं पिवळी झालेली असतात. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हिंगोलीच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात, आणि या मुलखातल्या लग्नांचा खर्च याच ढिगांतून निघतो.

पक्ष्यांचा कारभार पाण्याच्या कडेनं चालतो. हिवाळाभर तळ्यावर राहिलेली चक्रवाकांची जोडपी चैत्राच्या आधी उठतात. नारिंगी अंगाचे, भरदार आवाजाचे हे पक्षी लडाख, तिबेटकडं अंडी घालायला जातात. एके सकाळी काठ ओकाबोका दिसतो तेव्हा मामी म्हणते, "गेले बग पाव्हणे." ते गेले की घरची मंडळी कामाला लागतात. पाणी उतरल्यावर मधे जी उघडी बेटं निघतात तिथं नदी सुरय जमिनीवरच अंडी घालतो, कारण कुत्रं-मांजर तिथवर पोहून येत नाही. पाणी आणखी उतरलं आणि बेट काठाला जोडलं गेलं की ती अंडी वाचत नाहीत. आवर्तनाचा परिणाम मोजताना पाखरांना कुणी धरत नाही, पण खाली दार उघडलं की इथं घरटं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. टिटवी तर वेलांच्या आळ्यांतच अंडी घालते. मामा तेवढी जागा सोडून खुरपतो. तिनं अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस मोठा, खोलगटात घातली तर पाऊस ओढ देणार, असं इथली माणसं मानतात. मानणं बरोबर की चूक ते बाजूला ठेवू. त्या निमित्तानं खुरपं घरट्याच्या कडेनं वळतं, हे मला मोलाचं वाटतं.

2019 चा उन्हाळा या काठावर कुणी विसरणार नाही. त्याआधीच्या पावसाळ्यानं दगा दिला होता. मराठवाड्यातली कितीतरी मोठी धरणं त्या वेळी मृतसाठ्यावर आली, येलदरी त्यांतलंच एक. चारा संपू नये म्हणून त्या वर्षी गाळपेर जमीन नाममात्र एक रुपया भाड्यानं चाऱ्यासाठी देण्याचा निर्णय सरकारनं घेतला होता. मामानं मका पेरला, आणि त्या मक्यावर वस्तीतली जनावरं जगली. पाणी इतकं आत गेलं की आम्ही चालत चालत जिथं कधी गेलो नव्हतो तिथं पोचलो. आजी तेव्हा हयात होती. तिला ट्रॅक्टरमधून नेलं. भेगाळलेल्या तळावर उतरून ती कुणाचा हात न धरता चालायला लागली, आणि आम्हाला जिथं नुसते दगड दिसत होते तिथं तिला गल्ल्या दिसत होत्या. "हितं गोठा व्हता आपला. ही वाट मळ्यात जायाची. हितं चिंच." चिंचेचा बुंधा खरोखरच होता, काळा, दगडाएवढा कठीण झालेला. पुढं बांधलेली विहीर, गाळानं काठोकाठ भरलेली. आजी तिच्या थारोळ्यावर बसली. आम्ही तिच्या रडण्याची तयारी करून आलो होतो. ती रडली नाही. मूठभर गाळ उचलून तिनं चोळून पाहिला आणि मामाला म्हणाली, "अजून जीव हाय हिच्यात. ज्वारी टाक."

त्यानंतर पाऊस आला, तळं पुन्हा भरलं, विहीर खाली गेली. आजीही गेली.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या आखाजीला, पितरांसाठी पाणी भरतात. नवी घागर, तिच्यावर छोटी केळी, खाली धान्याची रास, वर फळ. चिंचवणी, कुरड्या, शेवया, ऐपत असेल तर आंब्याचा रस. मामाच्या घरी घागर भरायची ती तळ्याच्या पाण्यानं, आणि वर ठेवायचं फळ म्हणजे गाळपेरीतलं पहिलं खरबूज. मामी ते निवडायला स्वतः जाते; वेलावरून देठ सहज सुटला पाहिजे, वास आला पाहिजे. ज्या आज्याचं वावर त्या पाण्याखाली आहे त्याला त्याच पाण्याची घागर आणि त्याच वावरातलं फळ मिळतं. भाड्याची पावती देव्हाऱ्यातल्या डब्यात असते. नाव घेऊन पाणी सोडताना मामाचा आवाज नेहमीसारखाच असतो. माझा मात्र दर वर्षी अडतो.

मला वाटतं ते सरळ लिहून टाकते. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या घरांना गाळपेरीचा पट्टा दरसाल नको, काही वर्षांसाठी एकदम द्यावा, आणि कागद दिवाळीच्या आत हातात पडावा. कारण ओल कुणासाठी थांबत नाही. वरच्या पट्ट्यातला हरभरा पंधरा दिवस उशिरा पडला की उतारा घटतो, हे काठावरचं शेंबडं पोरही सांगेल. भाडं द्यायला कुणाची ना नाही. भोयांच्या घरांना बर्फ साठवायची एक साधी सोय सेनगावात झाली तर दहानंतरचा पडेल भाव घ्यावा लागणार नाही. आणि तळ्याचं पाणी खाली सोडण्याचं वेळापत्रक खालच्या गावांना कळतं तसं वरच्या वस्त्यांनाही आधी कळावं. मोटारी हलवायला एक दिवस मिळाला तरी पुष्कळ झाला. वसमतच्या उसाचा आणि हिंगोलीच्या नळाचा एक थेंबही यानं कमी होत नाही.

मामाचे गुडघे आता उतरणीवर साथ देत नाहीत. या वर्षीचा अर्ज त्यानं माझ्याकडं सोपवला आहे. संपादनाच्या वेळचा जुना कागद घडीवर फाटलेला होता, तो मी जिंतूरहून प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला. त्यावर आज्याचा अंगठा आहे आणि शिवारातल्या त्या वावराचं नाव आहे, जे आता फक्त आमच्या घरात उच्चारलं जातं. अर्जात गट क्रमांकाच्या पुढं ते नावही लिहू का, असं मी विचारलं. मामा वेल उलटवत होता, मान वर न करता म्हणाला, "लिव्ह. मोठ्या अक्षरात लिव्ह."